दुपारची फेरी

१

खरवडायला आम्ही दोघंच होतो, मी आणि चष्मा. चष्म्याचं खरं नाव मुकादमालाही ठाऊक नाही. त्याच्या चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे दोरा बांधलेला, आणि काचांवर रंगाचे इतके ठिपके की हा माणूस भिंत बघून रंगवतो की अंदाजाने, असा प्रश्न पडावा.

मुकादमाने सगळ्यात आधी दारावरचा लाकडी बोर्ड उतरवून आमच्यापुढे टाकला. "लाकूड दिसेपर्यंत साफ करा. नवीन नाव पडायचंय."

मी खरवडायची पत्ती घेऊन बसलो. वरचं नाव होतं 'विशेष मुलांचे आनंदघर'. ते निघालं तर खाली हिरव्या रंगात 'मतिमंद बालगृह'. ते खरवडलं तर 'बाल सुधारगृह'. त्याच्याखाली 'अनाथ पंगू आश्रम'. अगदी तळाला, लाकडात मुरलेलं, काहीतरी आणखी जुनं होतं, ते वाचता येत नव्हतं. माझी शाळा चौथीत सुटली, पण हे मला न शिकताही वाचता आलं. नाव बदललं की आतलं बदललं असं बाहेरच्यांना वाटतं, म्हणून रंगाऱ्याला बोलावतात.

"कष्टाळू संस्था आहे रे," चष्मा म्हणाला. "प्रत्येक पिढीला नवीन नाव. माझं एकच होतं, तेही हरवलं."

एरवी मी हसलो असतो. पण या घरात माझा दादा मेला होता, आणि मी त्याचा भाऊ आहे हे तिथे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

२

दादा माझ्याहून बराच मोठा. उंची अशी की दारातून वाकून यायचा. पण कुठलीही गोष्ट समजायला त्याला वेळ लागायचा. पाणी आण म्हटलं तर तो आधी तांब्याकडे बघायचा, मग तुमच्याकडे, मग हसायचा, मग उठायचा. आई होती तोवर तेवढा वेळ तिच्याकडे होता. ती गेली आणि काकाने ठरवलं. "तिथे त्याची सोय होईल." सोय नक्की कुणाची, हे विचारण्याएवढा मी मोठा नव्हतो. तो शाळेत चाललाय असं समजून मीही जाणार म्हणून रडलो होतो.

भेटीच्या दिवशी त्याला पुढच्या खोलीत आणून बसवायचे. केस ओले करून चापून बसवलेले, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. शेजारी मोठ्या बाई बसायच्या, संस्थेच्या प्रमुख. दादा माझं एक बोट धरून बसायचा आणि वेळ संपली की सोडायचा. आत तो कुठे झोपतो, कसा राहतो, हे मला कधी बघू दिलं नाही. "आत बाहेरच्या माणसांना परवानगी नाही," बाई म्हणायच्या. मी त्याचा सख्खा भाऊ, आणि मी बाहेरचा.

मी काम धरलं, भाड्याची खोली घेतली, तिच्यात दोन खाटा टाकल्या. त्याला तसं सांगितलं. त्याने आधी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हसला. मी त्याला आणायला जाणार त्याच आठवड्यात निरोप आला. तापाने गेला.

मी पोचलो तोवर त्याला आंघोळ घालून झाकून ठेवलं होतं. "झोपेतच गेला हो, अगदी शांतपणे," बाई म्हणाल्या. मी चादर वर केली. चेहरा शांत नव्हता. आणि एवढी आंघोळ घालूनही त्याच्या नखांत पांढरं काहीतरी गच्च भरलेलं होतं.

पुढे संस्था बंद झाली, इमारत दुसऱ्या संस्थेने घेतली, आणि रंगाचं काम आमच्या मुकादमाला मिळालं. मला ती आतली खोली बघायची होती. बघून काय करणार, याचा विचार केला नव्हता. विचार करून मी आजवर काही केलेलं नाही.

३

लांबच लांब खोली. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला खिडक्यांची रांग, आणि खिडक्यांच्या बाहेर व्हरांडा. प्रत्येक खाटेसमोर एक मोठी काच. खाटा आता व्हरांड्यात नेऊन खिडक्यांना टेकवून रचल्या होत्या, पण फरशीवर त्यांच्या पायांचे गंजके ठसे होते. एवढ्या मोठ्या माणसाला त्यांनी पोराच्या मापाच्या खाटेवर झोपवलं होतं, हे त्या ठशांवरून कळत होतं.

आणि काचा पांढऱ्या होत्या. पूर्ण नव्हे, खालून छातीच्या उंचीपर्यंत, काही ठिकाणी डोक्यापर्यंत.

माझं डोकं फिरलं. मुलांना बाहेरचं झाडही दिसू नये म्हणून काचा रंगवल्या होत्या! मी पत्ती लावली. एरवी काचेवरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. हा सुटेना, पत्तीला चिकटून ओघळला. थिनर लावलं, काही नाही. शेवटी ओलं फडकं फिरवलं तर फेस आला आणि वास आला. साबणाचा, आणि दात घासायच्या पावडरीचा.

तो रंग नव्हताच, आणि बाहेरून कुणी लावलेला नव्हता. आतून लावला होता, बोटांनी. लहान बोटांच्या रेघा खाली, जिथवर पोरांचा हात जातो तिथवर. आणि त्यांच्यावर, जवळजवळ प्रत्येक काचेवर, एका मोठ्या पंजाचे रुंद, संथ फटकारे. तसा पंजा आणि तेवढी उंची या खोलीत एकाचीच असणार.

म्हणजे त्याला स्वतःच्याच हातांनी कोंडून घ्यायला लावलं यांनी, असं मला वाटलं. पाहुण्यांसमोर गाणी म्हणायला लावायची आणि पाठ फिरली की स्वतःच्या काचा लिंपायला लावायच्या. मी शिव्या देत बादल्याच्या बादल्या पाणी आणलं आणि सगळ्या काचा धुतल्या. शेवटची काच कोपऱ्यातली, तिच्यावर लहान बोटं नव्हतीच, फक्त मोठा पंजा, म्हणजे ती दादाचीच. ती पुसताना मला रडू आलं, म्हणून ती जास्तच जोरात पुसली.

उजेड आत आला. चष्मा म्हणाला, "आता कशी माणसं राहात असल्यासारखी दिसते खोली."

४

डबे खाऊन आम्ही त्याच खोलीत आडवे झालो. दुपारी इमारतीत कुणी नसतं. चष्मा पडल्या पडल्या घोरायला लागला, चष्मा न काढताच. मी कोपऱ्यात, दादाच्या खाटेच्या ठशांमध्ये आडवा झालो होतो.

टक.

लांबच्या टोकाला. काचेवर बोटातली अंगठी आपटावी तसा आवाज.

मग थोडा वेळ काही नाही. जेवढ्या वेळात माणूस दोन पावलं टाकेल तेवढा.

टक. त्याच्या अलीकडच्या काचेवर.

खाटा सरकल्या असतील, मनात आलं. वारा असेल. पण वारा काही एकेका काचेसमोर थांबून ओळीने पुढे येत नाही. टक. टक. घाई नाही, राग नाही. रोजचं काम करणारा माणूस करतो तसं.

पुढचं मला अजून पटत नाही. मी भांडकुदळ माणूस आहे. मुकादमाची कॉलर धरलेली आहे, काकाच्या दारात दगड मारलेला आहे. पण तो आवाज जवळ यायला लागला आणि मी डोळे मिटले. श्वास अडवला. कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या जागेवर निजल्यावर अंगाला ते आपोआप कळलं.

टक. माझ्या डोक्याच्या वर.

मिटलेल्या पापण्यांवरचा उजेड कमी झाला. कुणीतरी काचेला तोंड लावून आत वाकल्यासारखा. मी हललो नाही. मग उजेड परत आला, आणि आवाज पुढे, पलीकडच्या खोलीकडे गेला.

मी उठून पत्ती घेऊन व्हरांड्यात धावलो. खाटा होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, काचांना खेटून, कमरेएवढ्या रचलेल्या. पलीकडे कठडा. मधून मांजरालाही जाता आलं नसतं.

चष्म्याला उठवलं. "काही ऐकलंस?"

"तुझी बडबड ऐकतोय," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर काचा पुन्हा पांढऱ्या. खालचा पट्टा, ओला, ताजा.

मी चष्म्याचा शर्ट धरला. "मस्करी करतोस? माझ्याशी?"

"सोड रे! मी स्वतःचे दात धड घासत नाही, तुझ्या काचा कुठून घासू?"

मुकादम आला तो माझ्यावरच उखडला. "काल काचा साफ केल्यास म्हणालास, हे काय थोबाड दाखवतोयस? आज पोरं येतायत. पलीकडची खोली तयार आहे, चष्म्याने कसल्या लखलखीत काचा केल्यात बघ जा. त्यांच्या माणसांना भरपूर उजेड हवाय. उजेड!"

नवीन संस्था आपली मुलं आजच आणत होती. एक खोली तयार झाली म्हणून. बाकीच्या घराचा रंगही वाळला नव्हता, पण मुलांना कुठे वास येतो, त्यांना कुठे डोकेदुखी होते! चष्म्याला मुकादमाने फाटक रंगवायला पाठवलं. मी पुन्हा बादली घेतली आणि एकूण एक काच पुसली. कोण करतंय ते कळलं तर त्याचं डोकं फोडायचं, एवढंच डोक्यात होतं.

पुसत असतानाच बाहेर बस थांबल्याचा आवाज आला. मग पोरांची बडबड, कुणाचं तरी रडणं, एका बाईचा गोड, मोठा आवाज. "चला, चपला ओळीत." शेवटची काच पुसून झाली तेव्हा पलीकडे जेवणाची ताटं वाजत होती.

"पुसलंस?" मागून कुणीतरी म्हणालं.

जुन्या संस्थेची आया दारात उभी होती. सगळे तिला मावशी म्हणायचे. महिना संपेपर्यंत मागच्या खोलीत राहायची तिला मुभा होती. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पांढरं वाळलेलं होतं.

६

"तुम्ही करता हे?" मी ओरडलो.

"माझा हात पोचतो तेवढं. साबण संपला आता." ती माझ्याकडे बघत राहिली. "तू त्याचा भाऊ. रडू आलं की त्याच्यासारखाच खालचा ओठ चावतोस."

"कुणी लावायला लावलं त्याला हे? बाईंनी?"

"बाई तर पुसायला लावायच्या रे. मारून पुसायला लावायच्या. ही पोरं साबण चोरायची, पावडर चोरायची, दूध सांडायची. मार खायची आणि परत काचा भरायची. मी आले त्याच्याही आधीपासून."

"का?"

तिने खिडक्यांकडे बघायचं टाळलं. "पूर्वी जेवणानंतर पोरांना निजवायचे आणि व्हरांड्यातून फेरी मारायचे. प्रत्येक काचेवर टक करायची. ज्याचे डोळे उघडतील तो जागा. त्याला बाहेर न्यायचे."

"कोण मारायचं फेरी?"

"ते मला काय माहीत? मी लागले तेव्हा फेरी बंद करून जमाना झाला होता. टकटक तेवढी चालू होती."

मला हसू आलं, रागाचं. "आणि तुम्ही नोकरी करत राहिलात."

"राहिले. काच भरलेली असली की ते थांबत नाही, पुढे जातं, एवढं पोरांना ठाऊक होतं. तुझा दादा आल्यावर तर बरंच झालं. त्याचा हात कुठवर जायचा! आधी सगळ्या लहानग्यांच्या काचा भरायचा, स्वतःची शेवटी. हे समजायला त्याला वेळ लागला नाही बरं."

"मग तो मेला कसा?"

ती खाली बसली. भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन, पोरीसारखी.

"मोठे पाहुणे यायचे होते. बाईंनी सकाळीच काचा धुवून घेतल्या. साबण कुलपात ठेवला. पाहुणे आले, फोटो काढले, गेले. दुपार झाली. पोरं रडायला लागली. एक पोरगं होतं, त्याला डोळे मिटून राहताच यायचं नाही, त्याला तसा आजारच होता. आवाज त्याच्या काचेजवळ आला, आणि दादा उठला. मी बघितलं. दार उघडून तो बाहेर गेला. व्हरांड्यात. स्वतःहून." तिने पांढरे हात पदराला पुसले. "संध्याकाळी तिथेच सापडला. बाईंनी सांगितलं, ताप म्हणायचं."

"आणि तुम्ही ताप म्हणालात."

"बाई समोर उभ्या होत्या."

"माझी खोली तयार होती!" मी एवढ्या जोरात ओरडलो की पलीकडची पोरं गप्प झाली. "दोन खाटा टाकल्या होत्या! तुम्हाला दार लावून घेता आलं नाही? त्याला हाताला धरून मागे ओढता आलं नाही? बाई उभ्या होत्या! तुम्ही सगळ्या तिथे फक्त उभ्याच होतात!"

मान कलती करून ती काहीतरी ऐकत होती. पलीकडच्या खोलीतून तोच गोड आवाज आला. "जेवण झालं ना? आता सगळ्यांनी आडवं व्हायचं."

मावशी जिथे बसली होती तिथेच आडवी झाली आणि तिने डोळे घट्ट मिटले.

टक.

७

मी डोळे मिटले नाहीत. मला त्याचं थोबाड बघायचं होतं. पत्ती मुठीत धरून मी दादाच्या काचेसमोर उभा राहिलो. माझ्याच हाताने पुसलेली, आरशासारखी काच.

टक. टक. पहिल्या काचांवर काही दिसलं नाही. नुसता आवाज. खाटा तशाच रचलेल्या. मग शेजारच्या काचेवर मला बोट दिसलं. स्वच्छ, नीट कापलेलं नख. अंगठी. पांढरी बाही, मनगटापर्यंत इस्त्रीची. काचेच्या आणि खाटांच्या मधे, जिथे हात घालायलाही जागा नव्हती, तिथे ते उभं होतं.

दुसऱ्या हाताने त्याने कुणाचं तरी मनगट धरलं होतं. शाळेला नेताना पोराचं धरतात तसं.

ते मनगट मी ओळखलं. वर बघितलं. चापून बसवलेले ओले केस. गळ्यापर्यंत लावलेलं बटण.

"दादा," मी म्हणालो.

ते माझ्या काचेसमोर आलं. टक. आणि हळूहळू वाकायला लागलं. वरून एक हनुवटी खाली येत होती, छान दाढी केलेली, आणि मी बघत होतो. मला मान हलवता येईना. पत्ती हातातून कधी पडली कळलं नाही. अजून थोडं वाकलं असतं तर मी त्याचे डोळे बघितले असते.

दादाचा पंजा धाडकन काचेवर आला. बाहेरून. माझ्या डोळ्यांसमोर, मधोमध.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने फक्त काच झाकली. पंजा पसरून, बोटं ताणून, जेवढी झाकता येईल तेवढी. बोटं थरथरत होती. त्याला मागे ओढलं जात होतं आणि तो जात नव्हता. दादा मला काय सांगतोय हे समजायला या खेपेला मलाच वेळ लागला.

दारांसाठी आणलेला पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा पायाशी होता. मी झाकण उचकटलं, ब्रश बुडवला आणि काचेच्या कडेपासून सुरुवात केली. साबण नव्हे. हा पाण्याने जात नाही. कुणी हुकूम सोडला म्हणून जात नाही. मी भराभर भरत आत आलो, चारी बाजूंनी, त्याच्या पंजापर्यंत. मग बोटांच्या मधल्या जागा भरल्या. मग उरला फक्त पंजा.

तो भरला की मला तो परत दिसणार नव्हता. मी ब्रश धरून उभा राहिलो. काचेतून त्याच्या तळव्यावरच्या रेघा दिसत होत्या, आणि नखांतलं पांढरं. मी माझा हात त्याच्या हातावर ठेवला. काच थंडगार होती.

त्याने बोटाने काच आतल्या बाजूला ढकलल्यासारखी केली. लवकर कर, असं.

मी करंगळी भरली. मग एकेक करून बाकीची बोटं. तळवा शेवटी भरला. ब्रशखाली तो गेला तेव्हा बाहेर काहीतरी निसटल्याचा, घसटत गेल्याचा आवाज आला, मग खोली एकदम शांत झाली. मावशी डोळे मिटून रडत होती. मी तिच्या अंगावर ओरडणार होतो, वाक्य तोंडात तयार होतं.

तेवढ्यात टक झालं. आमच्याकडे नाही. भिंतीपलीकडे, चष्म्याने लखलखीत केलेल्या काचांवर.

"कोण आहे?" नवीन बाईंनी विचारलं. मग त्याच गोड आवाजात, "लक्ष द्यायचं नाही हं. डोळे मिटा सगळ्यांनी."

टक.

एक बारीक आवाज म्हणाला, "बाई, बाहेर एक दादा उभा आहे. तो नको नको करतोय."

"मिट म्हटलं ना डोळे!"

मी ब्रश घेतला, डबा उचलला. तो निम्मा भरलेला होता. खोल्यांच्या मधल्या दाराला त्यांनी पलीकडून कडी घातली होती. मी ते लाथेने तोडलं.